आठव्या डोंगरावरची मेंढी

तांडापेठ, नागपूर
४ जानेवारी २०२६

पियुषदादा,

व्हॉट्सॲपवर तू मला चार वर्षांपूर्वी ब्लॉक केलंस, फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. पोस्टात अजून ब्लॉक करायची सोय निघालेली नाही. पोस्टमनला नाही म्हणायचं तर दारात उभं राहून तोंडावर म्हणावं लागतं, आणि ते तुला जन्मात जमलेलं नाही.

आधीच सांगून ठेवते, मी माफी मागायला लिहीत नाहीये. माफी मागण्यासारखं मी काही केलेलंच नाही. फक्त एक बातमी द्यायची आहे. बोकड्या परत आलाय.

खरंच, आपला बोकड्या! शिंगं, गळ्यात घंटा, आणि उडी मारताना तोच 'टुंय' आवाज. माझ्या खुशीने तेराव्या वाढदिवसाला तिच्या बापाकडून नवा गेम उकळला. तिने मशीन टीव्हीला जोडलं, डोंगर दिसला, त्यावरून बोकड टुणकन खाली आला, आणि माझ्या हातातलं पोह्यांचं ताट वाकडं झालं. तिला म्हटलं, हा आमचा आहे. ती म्हणाली, "मम्मी, हा जपानचा आहे."

बाबा बाजूलाच खाटेवर होते. डिसेंबरात डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना सगळंच नवीन दिसतंय. परवा मला म्हणाले की तू एवढी सावळी केव्हा झाली. त्या ऑपरेशनला तू आला होतास तेव्हा आपण बोललो, ते बोलणं धरायचं की नाही मला माहीत नाही. धंतोलीत ज्या दवाखान्यात मी काउंटरवर बसते तिथेच ऑपरेशन, पण अर्जावर सही पोराचीच पाहिजे असा बाबांचा हट्ट. तू माझ्याच खिडकीसमोर उभा राहिलास. मी विचारलं, "रुग्णाशी नातं?" तू म्हणालास, "मुलगा." मी लिहिलं, मुलगा. तू "थँक्यू मॅडम" म्हणून निघून गेलास. शेजारच्या खुर्चीवरची मोनाली अजून विचारते की तो शिष्ट माणूस कोण होता.

तर बाबांनी टीव्हीकडे पाहिलं आणि उठून बसले. "हा तं आपला बोकड्या होय ना वं!" म्हणाले. दहा मिनिटं नुसते बघत राहिले. मग खुशीला म्हणाले, "तुया मामानं त्या दिवशी बटन दाबलं नसतं ना, तं तेव्हाच हा खेळ खतम झाला असता. चांगला पोरगा होता गा, पण त्या एका गोष्टीत खोटं बोलला."

मी स्वयंपाकघरात गेले. कुकर लावलेला नव्हता, तरी शिट्ट्या मोजत उभी राहिले.

तू विसरला असशील म्हणून आठवण देते. मे १९९७. तू तेरा वर्षांचा, मी अकराची. जरीपटक्याच्या बाजारातून आणलेला व्हिडिओ गेम, आणि '९९९ खेळ' असं छापलेली कॅसेट, ज्यात खरे खेळ अकराच होते आणि तेच पुन्हा पुन्हा यायचे. बोकड्या त्यातला सातवा. तो एकट्याने खेळता येत नव्हता. एक बोकड, एक मेंढी, आणि डोंगर आठ. खेळ मध्येच साठवून ठेवायची सोय नव्हती, मशीन बंद केलं की पुन्हा पहिल्या डोंगराच्या पायथ्याशी. म्हणून आपण ते तीन दिवस सुरूच ठेवलं. ॲडॉप्टर तापू नये म्हणून माठाला टेकवून ठेवला होता. समोर बाबा मागावर बसून लुगडं विणत होते आणि आपलं लक्ष नाही असं दाखवत होते, पण मेंढी खड्ड्यात पडली की त्यांचा हात थांबायचा.

तिसऱ्या दिवशी दुपारी, आठव्या डोंगरावर, शेवटच्या पुलापाशी मशीन बंद पडलं. बटन कोणीतरी बंद केलं होतं. बाबांनी विचारलं कोणी. तू म्हणालास मी नाही. मी बाबांच्या धोट्यावर हात ठेवून शपथ घेतली की मी नाही. आपल्या घरात धोट्याच्या वर कोर्ट नाही. ज्या धोट्याने आडवा धागा टाकून आजोबांनी आणि बाबांनी पोरंबाळं पोसली, त्यावर हात ठेवून कोणी खोटं बोलत नाही. बाबांनी तुझ्या थोबाडीत मारली आणि पंधरा दिवस भिवापूरला वच्छलाआत्याकडे मिरचीचे देठ खुडायला पाठवलं.

हे सगळं जुनं झालं होतं. पण पुण्याच्या तुझ्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला, वेदिकावहिनीच्या माहेरच्या वीस माणसांसमोर, तू हसत हसत म्हणालास, "प्रणी, आता तरी सांग." बाबांनी तुला भेट दिलेला तोच धोटा भिंतीवर टांगलेला होता. मी तो खुंटीवरून काढला आणि पुन्हा शपथ घेतली. जे केलं नाही ते नाही केलं. तू हसायचा थांबलास. त्यानंतर चार दिवाळ्या गेल्या.

त्या दिवशी खरं काय झालं ते देवालाच माहीत. तेव्हा व्होल्टेजचा फार त्रास होता.

बाबांना हा खेळ आपण दोघांनी संपवलेला बघायचा आहे. कळवावं म्हणून लिहिलं.

प्रणाली

तांडापेठ, नागपूर
१३ जानेवारी २०२६

पियुषदादा,

उत्तर नाही. बरं. पण पत्र परतही आलं नाही, म्हणजे पोस्टमनपुढे तू हरलास.

मधल्या काळात मी बोकड्याचा पूर्ण इतिहास काढला. खुशीने इंटरनेटवर दाखवला, मी दवाखान्याच्या जुन्या रजिस्टरच्या मागच्या पानांवर लिहून घेतला. त्याचं खरं नाव यागोमारू. पहिला भाग १९८८ चा. त्यात बोकड एकटाच. कावळा त्याची घंटा चोरतो आणि ती आणायला हा आठ डोंगर चढतो. दुसऱ्या भागात मेंढी आली. आपला तो दुसरा. तिसऱ्यात त्यांनी सगळं गोल फिरणारं केलं. बोकड पुढे जायचा आणि आपल्याला दिसायची फक्त त्याची शेपटी, त्यामुळे लोक दरीत पडून पडून कंटाळले. चौथ्यात बोकडाला मोटारीत बसवलं. का, ते कोणालाच माहीत नाही. मग बारा वर्षं काहीच नाही. मग मोबाइलवर आला, त्यात तीन उड्या मारल्या की बोकड दमायचा आणि त्याला पुन्हा तरतरीत करायला टूथपेस्टची जाहिरात बघावी लागायची. मग जुन्याच दोन भागांना रंगरंगोटी करून एकत्र विकलं. आणि आता हा, दुसराच भाग पायापासून नव्याने बांधलेला. गवताची पाती वेगवेगळी हलतात. बोकडाला पूर्वायुष्य दिलंय, त्याचा बाप कड्यावरून पडलेला असतो. आता उडी मारायच्या आधी तो दोन मिनिटं दुःख करतो. मला पटलं नाही. आपल्या वेळचा बोकड घंटा चोरली म्हणून चिडलेला होता, तेवढं पुरायचं.

आणखी एक सोय केली आहे. चूक झाली की एक बटन दाबून धरायचं, सगळं उलटं मागे जातं आणि बोकड दरीतून वर येऊन कड्यावर उभा. मी खुशीला म्हटलं, ही लबाडी आहे, आम्ही पडायचो आणि पडलेलेच राहायचो. पण बाबा तिच्या बाजूने बोलले. म्हणाले, "लबाडी कशाची वं? लुगड्यात धागा चुकला तं काय करतो आपण? उसवत उसवत मागंच जा लागते ना. पुढं विणत गेलं तं चूक पदरापर्यंत येते." मग माझ्याकडे बघितलं. म्हणजे सहजच बघितलं असेल, नवा डोळा आहे.

आता महत्त्वाचं. हे वाचून तुझा राग जाईल. इंटरनेटवर लिहिलंय की आपल्याकडे बाजारात मिळायच्या त्या नकली कॅसेटींमध्ये खेळ पूर्ण बसायचाच नाही. म्हणून त्यांनी शेवट कापला होता. आठव्या डोंगराचा पूल ओलांडला की दार नाही, घंटा नाही, थेट पुन्हा पहिला डोंगर! म्हणजे तीन दिवस काय, तीन वर्षं मशीन सुरू ठेवलं असतं तरी आपल्याला शेवट दिसलाच नसता. म्हणजे मी ते बटन दाबलं नसतं, म्हणजे कोणीही दाबलं नसतं, तरी फरक पडला नसता. कायद्याने बघितलं तर गुन्हाच झालेला नाही.

पेनाने लिहितेय म्हणून वरचं वाक्य खोडत नाही, पान खराब दिसतं. तू नीट वाच आणि भलता अर्थ काढू नको.

प्रणाली

तांडापेठ, नागपूर
३० जानेवारी २०२६

दादा,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. अठ्ठावीस वर्षांचं भांडण आणि दोन वाक्यं. "मला नको. बाबांना सांग."

कार्ड मंगळवारी आलं. सकाळी बाबांचं पोट ठीक नव्हतं म्हणून नाही सांगितलं. संध्याकाळी माझं ठीक नव्हतं. बुधवारी पिंपळाखालचे त्यांचे मित्र आले होते. काल सांगितलं.

पण आधी तुला सांगते, कारण तुला नको असलं तरी मला सांगायचं आहे. बटन मी दाबलं. व्होल्टेज नाही, मांजर नाही, मीच. दोन वर्षं मी मेंढी होते, दादा. बोकडाला शिंगं, बोकडाला घंटा, बोकडाला उडी, आणि मेंढीने मागून यायचं आणि बोकडाला पाठीवर चढू द्यायचं. तू मला शब्द दिला होतास की आठव्या डोंगरावर रिमोट बदलू, तिथे मी बोकड. आठवा डोंगर आला. मी हात पुढे केला. तू टीव्हीवरून नजर न काढता म्हणालास, "आता नाही वं, तू हरवशील." मी उठले, पाणी प्यायला माठाजवळ गेले, आणि बोर्डावरचं बटन दाबलं. दोन घोट पाणीही प्यायले. मग तू किंचाळलास आणि मी घाबरले, आणि एकदा धोट्यावर हात ठेवला की मागे यायला वाटच नव्हती. वास्तुशांतीत वाट होती. तू दिलीही होतीस. तिथे मी पस्तिशी उलटलेल्या बाईने पुन्हा तेच केलं, कारण वीस माणसांत मला लाज वाटली. त्याची मला आता जास्त लाज वाटते.

तर काल. खुशी आठव्या डोंगरावर पोहोचली आहे. नव्या खेळात शेवट आहे. पूल ओलांडला की दोन दगड, बोकड आणि मेंढीने एकाच वेळी त्यावर उभं राहायचं, तेव्हाच दार उघडतं. खुशी तिच्या मैत्रिणीला बोलवायला निघाली. बाबा म्हणाले, "नाही. पियुष आल्याबिगर कोणी हात लावायचा नाही." आणि मी तिथेच, डाळीचा डाव हातात धरून म्हटलं, "बाबा, बटन मी बंद केलं होतं. पियुषनं नाही."

बाबांना आधी समजलंच नाही. त्यांनी टीव्हीच्या बटनाकडे बघितलं. मग समजलं.

"धोट्यावर हात ठेवला होता ना वं तू?"

"हो."

"आजोबाच्या धोट्यावर?"

"हो बाबा. दोनदा."

मग म्हणाले, "मी पोराले मारलं." एवढंच. हात बघत बसले, उजवा. मी रडायला लागले, खुशीपण लागली, तिला कारण नीट माहीत नव्हतं तरी. मला वाटलं आता ते मला काही बोलतील, ओरडतील. ते उठले, चष्मा लावला आणि आत्याला फोन केला.

"वच्छले, मिरचीचा सातरा सुरू आहे का? बरं. एक माणूस पाठवून राहिलो. पंधरा दिवस."

मी म्हटलं, बाबा, माझी नोकरी आहे. म्हणाले, "त्याची शाळा नव्हती?" मी म्हटलं, तेव्हा उन्हाळ्याची सुट्टी होती. म्हणाले, "मंग तू बी सुट्टी घे." विक्रमकडे बघितलं तर बाबांचा हा जावई डबा उघडून जेवायला बसला होता. मोनालीला फोन करून सांगितलं की घरगुती कारण आहे. तिने विचारलं काय. मी काय सांगणार, एकेचाळिसाव्या वर्षी बापाने शिक्षा दिली म्हणून?

उद्या सकाळच्या एसटीने निघते.

प्रणी

भिवापूर
८ फेब्रुवारी २०२६

दादा,

अक्षर वाकडं आहे ते रागाने नाही. बोटं जळतात.

तू इथून परत आलास तेव्हा मी तुला विचारलं होतं, मजा आली का? तू म्हणालास हो. मला वाटलं पंधरा दिवस आत्याकडे आंबे खाऊन आलास. सातरा काय असतो ते मला आता कळलं. मोठा मांडव, खाली लाल मिरचीचे ढीग, आणि बाया ओळीने बसून एकेक मिरची उचलून देठ खुडतात. एकेक. तोंडाला ओढणी बांधली तरी ठसका लागतो. पहिल्या दिवशी मी विसरून डोळा चोळला. शेजारी बसणारी गोपिका म्हणाली, "डोळ्याच्या दवाखान्यात आहा ना तुम्ही मॅडम? मंग करा आता इलाज." सगळा मांडव हसला. दुसऱ्या दिवशी कोणीतरी विचारलं, इकडे कशा? मी खरं सांगितलं. म्हटलं, लहानपणी भावाचा गेम बंद केला होता. गोपिकाने हातातली मिरची खाली ठेवली, मला नीट बघून घेतलं आणि म्हणाली, "तुमच्या घरचे लोक लई कडक दिसतात बापा."

तेरा वर्षांचा होतास तू. न केलेल्या गोष्टीसाठी. मला रोज इथे बसल्यावर तेच आठवतं, आणि मग ठसक्याने डोळ्यांत पाणी येतं की कशाने ते मी बघत नाही.

पण खरी गोष्ट पुढे आहे. काल आत्याबरोबर भाकरी खात होते. आत्या आता सत्तरीला आली, पण जीभ तशीच तिखट. म्हणाली, "तो पोरगा पहिल्याच दिवशी मले बोलला होता. आत्या, बटन प्रणीनं दाबलं, मी पायलं, माठाजवळ उभी होती."

तुला माहीत होतं? तू मला बघितलं होतंस?

"मंग बाबाले काहून नाही सांगितलं त्यानं?" मी आत्याला विचारलं.

"मी बी तेच इचारलं. तं म्हणे, धोट्यावर खोटं बोलली असं समजलं तं बाबा तो धोटा पुन्हा हातात घेणार नाहीत. मागावर लग्नाचं लुगडं अर्धं आहे. मंग म्हणे, मिरच्या खुडलेल्या बऱ्या." आत्याने मला दुसरी भाकरी वाढली. "अन् मले शपथ घातली का सांगू नको म्हणून. म्या पाळली. तुयासारखी नाही मी."

दादा, मला वाटायचं तू मार खाल्लास कारण तुला काही सिद्ध करता आलं नाही. वास्तुशांतीला तू "आता तरी सांग" म्हणालास तेव्हा माग विकून पंधरा वर्षं झाली होती. धोटा भिंतीवरची शोभा झाला होता, कुणाचं काही अडणार नव्हतं. तू तेवढी वर्षं थांबला होतास. आणि मी तो खुंटीवरून काढला.

तुझी प्रणी

भिवापूर
१३ फेब्रुवारी २०२६

दादा,

शिक्षा परवा संपते. आत्याने बाबांना कळवलं की मी काम चांगलं केलं, पण तुझा हात जास्त साफ होता, देठाबरोबर मिरची कधी तुटायची नाही. असो, तिथेही तूच पहिला.

घरची बातमी खुशी रोज फोनवर देते. बाबांना तिने हजारदा समजावलं की नवा खेळ आपोआप साठवला जातो, मशीन बंद केलं तरी बोकड आठव्या डोंगरावरच सापडतो. बाबांचा विश्वास नाही. सोळा दिवस मशीन सुरू आहे. बोर्डावरच्या बटनाला त्यांनी चिकटपट्टी लावली, वर कागद लावला, "बंद करू नये. हुकुमावरून." आणि खाट ओढून बोर्डाखाली आणली. विक्रमला मोबाइल चार्ज करायला शेजारी जावं लागतं. वीज गेली तर काय, असं खुशीने विचारलं. तेव्हापासून ते लाइनमनला दिसला की चहाला बोलावतात.

ते तुला फोन करणार नाहीत. रविवारी तू करतोस तेव्हा हवापाण्याचंच बोलतात, खुशीने सांगितलं. त्यांना तुझ्याशी काय बोलायचं आहे ते फोनवर बोलता येण्यासारखं नाही. आल्यावरही बहुतेक बोलणार नाहीत, नुसता तुझ्या गालाला हात लावतील. तू तेवढं समजून घे.

त्यांनी एकच निरोप दिलाय, "त्याले म्हणा धोटा घेऊन ये." जिथे धागा चुकला तिथपर्यंत उसवायचं, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे मी त्याच धोट्यावर हात ठेवून, सगळ्यांसमोर, खरं काय ते म्हणायचं. वेदिकावहिनीच्या माहेरची वीस माणसं आणलीस तरी चालतील. त्यांच्यासाठी मी साधा वरण-भात करीन, कारण हे हात आठवडाभर तरी तिखटात घालणार नाही.

मी नेमकं काय मागते आहे ते साध्या शब्दांत लिहिते, कारण मागच्या पत्रांत मी फार फिरवलं. माझं चुकलं. तुझ्या अंगावर आलेलं ते माझं होतं. तू ये.

रिमोट दोन आहेत, दोन्ही नवे. खुशी म्हणते नव्या खेळात कोणीही काहीही होऊ शकतं, दोघांनाही बोकड होता येतं, शिंगांचा रंगसुद्धा निवडता येतो. मी तिला सांगितलंय की तसं काही करू नको. दादा, पूल आला की तू माझ्या पाठीवर चढ आणि उडी मार.

मेंढी मी होते.

तुझी प्रणी